टेंडर कुणाला गेलं ते नंतर, आधी मागणी कुणी लिहिली ते सांगा

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की सरकारी ऑफिस बाहेरच्या माणसाकडून माल घेतं, काम करून घेतं, त्यात पैसा कुठून कुठे जातो याबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. वाटलं होतं चार-पाच पत्रं येतील, पण पिशवी भरली. मी लेखा शाखेत 29 वर्षं काढली, बिलं पास केली, बिलं परत पाठवली, शिव्या दोन्हीसाठी खाल्ल्या. त्यामुळे जे माहीत आहे ते सांगतो. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं छापत नाही, कारण उद्या त्याच ऑफिसात त्यांना पुन्हा जायचंय.

प्रश्न : काका, माझी साताऱ्याकडे छोटी प्रिंटिंग प्रेस आहे. एका ऑफिसातून रजिस्टर आणि फॉर्म छापायची चौकशी आली. साहेबांचा क्लार्क म्हणाला तीन कोटेशन लागतात, बाकीची दोन पण तुम्हीच आणा, तुमचं सगळ्यात कमी ठेवा. मित्रांचे लेटरहेड मिळतील, पण मन खातंय. सगळे असंच करतात म्हणे.

सगळे नाही, पण बरेच करतात हे खरंय. तीन कोटेशन कशासाठी असतात तर तीन वेगवेगळ्या माणसांनी एकमेकांना न विचारता भाव सांगावा आणि त्यातून बाजारभाव कळावा. तुम्हीच तीन आणलीत की भाव एकच राहिला, कागद फक्त तीन झाले. आणि कायद्याने बघायला गेलं तर 2002 च्या स्पर्धा कायद्यात बोली संगनमताने ठरवणं हा सरळ मोडणारा प्रकार आहे, मग रक्कम कितीका लहान असेना. क्लार्क अडकायचा तेव्हा अडकेल, पण लेटरहेड ज्याचं त्याची सही कागदावर राहते आणि तुमचा मित्र उद्या ऑडिटवाल्यासमोर म्हणाला की मी असं कोटेशन दिलंच नाही तर बनावट कागदाचं प्रकरण तुमच्या अंगावर येतं, क्लार्कच्या नाही.

एकदा माझ्या टेबलावर तीन कोटेशन आली, तीन वेगळ्या गावांची, तीन वेगळे शिक्के, आणि तिन्हींत 'रजिष्टर' असंच लिहिलेलं, त्यातही पृष्ठसंख्येच्या जागी 'पुष्ठसंख्या'. मी फाइल परत पाठवली तर मला म्हणाले तुम्ही शुद्धलेखन तपासायला बसलाय का. होय म्हणालो.

तुम्ही तुमचं एकच कोटेशन द्या, तारीख टाका, पोच घ्या. आणि अजून एक बघा. काम किती मोठं आहे आणि ते तुकडे करून तर देत नाहीत ना. आमच्या वेळेला ई-टेंडरची रेघ 3 लाखांवर होती, त्याच्या वर गेलं की ई-टेंडर काढावंच लागायचं, आणि काय योगायोग बघा, बिलं यायची ती 2 लाख 94 हजार, 2 लाख 98 हजार, 2 लाख 91 हजार, एकाच आठवड्यात, एकाच दुकानाची. रेघ नंतर वर सरकली, तशी बिलंही वर सरकली. केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांत स्पष्ट लिहिलंय की वरच्याची मंजुरी टाळायला मागणीचे तुकडे करू नयेत, आपल्या राज्याची खरेदीची नियमपुस्तिका आहे 1 डिसेंबर 2016 ची, तिचाही रोख तोच. तुकडे पाडणारा ऑफिसातला असतो पण प्रत्येक तुकड्याचं बिल तुमच्या नावावर असतं हे लक्षात ठेवा.

प्रश्न : मी एका महामंडळात डाटा एंट्री ऑपरेटर आहे, एजन्सीतर्फे. कळलं की ऑफिस माझ्यामागे एजन्सीला महिन्याला 21,600 रुपये देतं आणि माझ्या खात्यात 11,000 येतात. म्हणजे 10,600 एजन्सी खाते का हो काका? एवढं कुणी कसं खाऊ देतं?

ताई, राग येणं साहजिक आहे पण आकडा मांडून बघू, कारण चुकीचा आकडा घेऊन भांडायला गेलात की समोरचा पहिल्या मिनिटात तुम्हाला गप्प करतो.

सोपं जावं म्हणून धरू की करारात तुमचं वेतन 15,000 आहे. त्यावर मालकाच्या बाजूचा पीएफ आणि त्याचे विमा-प्रशासन खर्च मिळून 13 टक्के, म्हणजे 1,950. मालकाच्या बाजूचा ईएसआय (कामगारांचा सरकारी आजारपण विमा) 3.25 टक्के, म्हणजे 488. झाले 17,438. त्यावर एजन्सीचं कमिशन समजा 5 टक्के, 872. झाले 18,310. त्यावर 18 टक्के जीएसटी, 3,296. बेरीज 21,606. आला ना तुमचा आकडा?

आता तुमच्या बाजूने. 15,000 मधून तुमचा पीएफ 12 टक्के जातो 1,800, ईएसआय 0.75 टक्के जातो 112 रुपये काहीतरी, आणि व्यवसाय कर तुम्हाला लागत नाही कारण महाराष्ट्रात महिलांना 25,000 पर्यंत माफ आहे. हातात यायला हवेत जवळपास 13,087. येतात 11,000. म्हणजे गायब आहेत ते 10,600 नाहीत, ते आहेत दोन हजार आणि वर काही. पण हे दोन हजार मात्र तुमचेच आहेत, तुमच्यासारख्या 40 जणी असतील तर महिन्याला 80 हजारांच्या वर झाले.

हे कुठे जातात त्याचं उत्तर टेंडरमध्येच असतं बहुतेक वेळा. एजन्सी बोली लावताना कमिशन किती टाकते ते बघा. मी 0.01 टक्के कमिशनवर काम घेतलेल्या एजन्सी बघितल्यात. 40 माणसांचा पगार आधी स्वतःच्या खिशातून करायचा, ऑफिसकडून बिल तीन महिन्यांनी निघणार, आणि कमिशन 0.01 टक्का! असं काम कुणी समाजसेवा म्हणून घेत नाही. तो पैसा पगारातून येतो, युनिफॉर्मच्या नावाने कापला जातो, ओळखपत्राचे 500 घेतात, काही ठिकाणी एटीएम कार्डच सुपरवायझरकडे असतं. आणि टेंडर काढणाऱ्याला हे माहीत नसतं असं समजू नका, 'सगळ्यात कमी दर' एवढीच अट ठेवली की हेच होणार हे त्यालाही कळतं. कमिशनला किमान मर्यादा ठेवता येते, पगाराच्या बँक स्टेटमेंटशिवाय पुढचं बिल नाही अशी अट घालता येते. कुठे घालतात, कुठे नाही.

तुम्ही काय करायचं. यूएएन (तुमचा पीएफचा नंबर) टाकून पीएफचं पासबुक बघा, महिन्याला किती भरलेत आणि कोणत्या वेतनावर भरलेत ते तिथे दिसतं. करारातल्या दराची फोड माहिती अधिकारात मागा, महामंडळ सरकारी आहे म्हणजे कायदा लागू आहे. आणि एजन्सीने पगार बुडवला तर शेवटी मूळ मालकाची, म्हणजे ऑफिसची जबाबदारी असते, 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती, नव्या कामगार संहितांतही आहे. तक्रार एकटीने करू नका, पाच-दहा जणींनी मिळून करा, एकटीला एजन्सी दुसऱ्या दिवशी 'उद्यापासून येऊ नका' म्हणते.

(काहींनी विचारलंय की सरकारने नऊ एजन्सींमार्फत भरतीचा निर्णय काढला होता त्याचं काय झालं. तो 6 सप्टेंबर 2023 चा शासन निर्णय, त्यावर राज्यभर एवढा ओरडा झाला की ऑक्टोबर 2023 मध्ये तो मागे घेतला. पण त्याआधीपासून वेगवेगळ्या ऑफिसांनी आपापले करार केलेले होतेच, ते चालू राहिले.)

प्रश्न : मी उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केलंय, बॅटरी आणि यूपीएस विकते, कोल्हापूर. केंद्राच्या एका कंपनीच्या टेंडरमध्ये ईएमडी (बोलीबरोबर भरायची अनामत) माफी मागितली तर नाकारली. सूक्ष्म उद्योगाला माफी असते ना?

असते, पण तुम्ही बनवता का विकता हा प्रश्न आहे. 2012 चा जो केंद्राचा आदेश आहे सूक्ष्म-लघु उद्योगांकडून खरेदीचा, त्याचा फायदा उत्पादन करणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना. व्यापाऱ्यांना उद्यम नंबर मिळायला लागला 2021 पासून, पण तो फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जासाठी. तुमच्या उद्यम सर्टिफिकेटवर काय लिहिलंय ते वाचा, 'ट्रेडिंग' असेल तर त्यांनी नियमानेच नाकारलंय.

तुमची एखादी मैत्रीण खरंच काही बनवत असेल तर तिला मात्र सांगा. केंद्राची खाती आणि कंपन्यांना वर्षाच्या खरेदीच्या 25 टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचं आहे, त्यातले 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून आणि 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या. आणि तिचा दर सगळ्यात कमी दरापेक्षा 15 टक्क्यांच्या आत जास्त असेल तर कमी दराला उतरून काही भाग पुरवायची संधी तिला द्यावी लागते. ही गोष्ट फार जणांना माहीत नसते, एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचे, नाही आलो म्हणून घरी जाऊन बसतात.

जेम पोर्टल, म्हणजे सरकारी खरेदीचा ऑनलाइन बाजार, 2016 ला आलं तेव्हा आम्हाला वाटलं की आता सगळं उघड्यावर आलं, सुटलो. उघड्यावर आलं हे खरं, दर दिसतात, कुणाला गेलं दिसतं. पण 'आम्हाला असा लॅपटॉप हवा ज्याचं वजन एवढं, जाडी एवढी, आणि डाव्या बाजूला एवढेच पोर्ट' असं लिहिलं की जगात एकच मॉडेल उरतं आणि मग पोर्टलवर पाच दुकानदार तेच मॉडेल घेऊन भांडतात, ते पाचही एकाच डिस्ट्रिब्युटरचे. स्पर्धा झाली, कागदावर झकास. म्हणून मी म्हणतो टेंडर उघडलं तो दिवस बघू नका, मागणीपत्र लिहिलं तो दिवस बघा. स्पेसिफिकेशन बघून शंका आली तर बोली बंद व्हायच्या आधी लेखी हरकत घ्या. नंतर घेतलेल्या हरकतीला 'हरलेला माणूस रडतोय' एवढीच किंमत असते.

प्रश्न : आमच्या गावाला जोडणारा रस्ता, टेंडर 28 टक्के बिलो, म्हणजे इस्टिमेटपेक्षा तेवढ्या कमी दराने, गेलं. गावात सत्कार झाला की सरकारचे पैसे वाचले. आठ महिन्यांत रस्ता उखडला. बिलो जाणं चांगलं की वाईट?

हा या वेळचा सगळ्यात चांगला प्रश्न, म्हणून जरा सैल हाताने लिहितो.

रस्त्याचं इस्टिमेट होतं तेव्हा प्रत्येक बाबीचा दर दरसूचीतून येतो. त्या दरात खडी, डांबर, मजुरी, मशीन, ओव्हरहेड असं सगळं असतं आणि ठेकेदाराचा नफा साधारण 10 टक्के धरलेला असतो. आता एखादा माणूस 28 टक्के खाली आला. नफ्याचे 10 त्याने सोडले असं धरू, तरी 18 उरतात. ते कुठून आले? दोनच शक्यता. एक, इस्टिमेटच फुगवलेलं होतं, म्हणजे ज्या खाणीतून खडी येणार ती 9 किलोमीटरवर असताना वाहतूक 31 किलोमीटरची धरली, जिथे मुरुमाचा भराव लागतच नाही तिथे लावला, वगैरे. मग 28 बिलो जाऊनही त्याला पुरेसं सुटतं, आणि तुमचा सत्कार हा ज्याने आधी भाव वाढवून मग सूट दिली त्या सेलवाल्याचा सत्कार झाला. दोन, इस्टिमेट बरोबर होतं आणि 18 टक्के माल रस्त्यात पडणारच नाही. डांबराचा थर कागदावर एवढा, प्रत्यक्षात तेवढा नाही. आठ महिन्यांत उखडला म्हणजे मला दुसरी शक्यता जास्त वाटते, पण दोन्ही एकत्रही असतात, का नसावीत.

फार खाली गेलेल्या बोलीवर जास्तीची सुरक्षा ठेव घ्यायची पद्धत आपल्या बांधकाम खात्यात आहे ती याच भीतीने. ठेव घेतली जाते, पण ठेवीने थर जाड होत नाही.

मग पैसा भरून कसा काढतात? तीन जागा आहेत आणि तिन्ही टेंडरनंतरच्या. पहिली एमबी, मोजमाप पुस्तिका. कनिष्ठ अभियंता मोजतो, लिहितो, उपअभियंता काही टक्के तपासतो, आणि त्या पानावर जे आलं त्याचंच बिल होतं, रस्त्यावर काय आहे त्याचं नाही. माझे एक साहेब म्हणायचे की नाशिकच्या नोट प्रेसनंतर महाराष्ट्रात पैसे छापायचं दुसरं मशीन म्हणजे एमबी. दुसरी जागा जादा बाबी. काम सुरू झालं की 'जागेवर गरज भासली' म्हणून नवीन आयटम येतात, त्याची ईआयआरएल, म्हणजे जादा बाबींच्या दरांची यादी, तयार होते, आणि त्या दराला टेंडरची स्पर्धा लागलेलीच नसते. तिसरी, वाढलेली परिमाणं. टेंडर बी-1 फॉर्मवर असेल तर सगळ्या बाबींना मिळून एकच टक्का, त्यात खेळ कमी. बी-2 मध्ये प्रत्येक बाबीचा दर ठेकेदार टाकतो, मग ज्याला आतून माहीत आहे की खोदाईत कठीण खडक इस्टिमेटपेक्षा जास्त निघणार तो खडकाचा दर चढा लावतो आणि मातीचा पाडून लावतो, बेरीज मात्र सगळ्यात कमी. टेंडर त्याला. मग खडक निघतो. कागदावर तर निघतोच. यालाच आवर घालायला करारात क्लॉज 38 आहे, 25 टक्क्यांच्या वर परिमाण वाढलं तर दराचा पुन्हा विचार, पण 24 टक्के वाढवायला कुणी अडवलंय.

तुम्ही गावकऱ्यांनी काय करायचं. सत्कार करताना टक्केवारी विचारलीत, पुढच्या वेळी इस्टिमेटची प्रत मागा, काम सुरू व्हायच्या आधी. माहिती अधिकारात फक्त कागद मिळतात असं लोकांना वाटतं, तसं नाही, कायद्याच्या व्याख्येतच कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हे दोन्ही आहे. म्हणजे रस्ता होत असताना खडी-डांबराचा नमुना तुम्ही अधिकाराने मागू शकता. अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द, त्यामुळे 'सर्व कामांची सर्व माहिती' असं लिहू नका, लगेच फेटाळतात. असं लिहा : अमुक कामाचं मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एमबीची पानं, आणि दोष दायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदाराने फुकट दुरुस्त करायची मुदत) किती. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

शेवटचं, दोष दायित्व कालावधी. आठ महिन्यांत उखडला म्हणजे तो कालावधी बहुतेक चालू असणार, आणि रस्ता पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला असेल तर पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराच्या करारात असते. म्हणजे दुरुस्तीसाठी नवं टेंडर काढायची गरज नाही, त्याच माणसाकडून फुकट करून घ्यायचं. कुणी नवं इस्टिमेट घेऊन आलं तर आधी जुना करार दाखवा म्हणा.

प्रश्न : मी नुकताच क्लार्क म्हणून लागलोय. 31 मार्चला साहेबांनी साठा नोंदवहीत 'माल मिळाला' अशी सही करायला सांगितली, माल आलाच नव्हता. म्हणाले निधी लॅप्स होईल, माल आठवड्यात येतोय. मी सही केली. आता झोप लागत नाही.

बाळा, माझं सांगतो. नोकरीचं चौथं वर्ष, 31 मार्च, रात्रीचे साडेनऊ, कोषागार उघडं, चहाचे ग्लास सगळीकडे, आणि माझ्यासमोर 40 स्टीलच्या कपाटांचं बिल. कपाटं ट्रकमध्ये आहेत, ट्रक अर्ध्या वाटेत आहे. मी सही केली. कपाटं आली जूनमध्ये, 40 नाही, 33, आणि गेज हलका. त्या सात कपाटांचा हिशोब लावायला मला ऑडिटसमोर दोन वर्षं उभं राहावं लागलं. तेव्हाचे साहेब बदलीवर गेलेले, पुरवठादाराने फोन उचलणं बंद केलेलं, आणि नोंदवहीत सही कुणाची, माझी.

म्हणून घाई करून सांगतो. माल आला असेल तर आजच मोज, वजन कर, कमी असेल तर कमी असं लेखी लिही आणि साहेबांकडून पोच घे. आला नसेल तर वस्तुस्थितीची टिप्पणी फाइलवर ठेव, तारीख खरी टाक, मागची टाकू नको. उशिरा खरं लिहिलं तर ठपका येतो, खोटं चालू ठेवलं तर गुन्हा होतो. आणि मार्चमध्ये पैसे उधळणं हे केंद्राच्या नियमांत वित्तीय औचित्याचा भंग म्हणून चक्क लिहून ठेवलंय, तेव्हा 'निधी लॅप्स होईल' हे कारण कुठल्याच नियमात बसत नाही. लॅप्स झाला तर झाला. निधी फेब्रुवारीच्या शेवटी हातात येतो हा वरच्यांचा दोष आहे, तो मला मान्य आहे, पण त्याची भरपाई तुझ्या सहीने करू नको.

प्रश्न : शाळेला बाकं पुरवली, 14 महिने झाले, बिल निघत नाही. निधी नाही म्हणतात. मग ऑर्डर कशाला दिली?

कारण प्रशासकीय मान्यता मिळाली म्हणजे पैसे आले असं नसतं. मान्यता म्हणजे 'करायला हरकत नाही', पैसे म्हणजे बीम्स या सरकारी निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीतून त्या लेखाशीर्षावर (खर्चाच्या ठरलेल्या खात्यावर) निधी येणं आणि बीडीएस, म्हणजे निधी वाटल्याची पावती, निघणं. या दोनांच्या मध्ये कधी कधी वर्ष जातं, आणि उपलब्ध निधीपेक्षा कितीतरी पट मान्यता देऊन ठेवल्या की मग रांग लागते, रांगेत पुढे कोण जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. 2025 मध्ये राज्यभरचे ठेकेदार थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरले होते ते याचमुळे. म्हणून ऑर्डर घेताना लेखाशीर्ष आणि निधीची उपलब्धता विचारायची, लाजायचं नाही.

तुम्ही बाकं स्वतः बनवत असाल आणि ऑर्डरच्या आधीपासून उद्यम रजिस्ट्रेशन असेल तर 2006 च्या एमएसएमई कायद्यात तुमच्यासाठी दात आहेत. करारात काहीही लिहिलेलं असो, 45 दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत, थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. केंद्राच्या एमएसएमई खात्याच्या पोर्टलवर अर्ज केला की तो सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे, जातो. परिषदेचा निकाल विरोधात गेला आणि ऑफिसला कोर्टात जायचं असेल तर 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते, म्हणून त्यांची पंचाईत होते. हे पुरवठ्याला आणि सेवेला चालतं. रस्ता, इमारत अशा बांधकामाच्या कंत्राटाला चालत नाही असं मुंबई हायकोर्टाने म्हटलेलं आहे, तेव्हा ठेकेदार मंडळींनी यावर विसंबू नये, वकिलाला विचारावं. अर्ज करायच्या आधी एक नोटीस द्या. निम्म्या वेळा नोटिशीलाच बिल निघतं, पुढची ऑर्डर मात्र मिळत नाही, तेवढी तयारी ठेवा.

झटपट काही

टेंडर फी परत मिळते का? नाही. ईएमडी परत मिळते, तुम्ही मध्येच माघार घेतली नाहीत तर.

एकच बोली आली तर टेंडर रद्दच करायचं का? गरज नाही. जाहिरात नीट झाली असेल, अटी कुणाला बाहेर ठेवण्यासाठी नसतील आणि दर वाजवी असेल तर केंद्राच्या नियमांत एक बोलीही चालते. आपल्याकडे भीतीपोटी तिसऱ्यांदा टेंडर काढतात आणि तोपर्यंत स्टीलचे भाव वाढलेले असतात.

टेंडर उघडल्यावर सगळ्यांना बोलावून घासाघीस करता येते का? नाही. केंद्रीय दक्षता आयोगाचं 2007 चं परिपत्रक आहे, अपवादात्मक परिस्थितीत आणि फक्त सगळ्यात कमी दरवाल्याशी. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला चहाला बोलावणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. गटाराच्या कामाला मुरूम कमी पडला म्हणून आमच्या घरच्या ट्रॅक्टरने चार खेपा टाकल्या, 4,200 रुपयांचं बिल मिस्टरांच्या नावाने केलंय. विरोधी गटाने तक्रार करायची धमकी दिलीय. एवढ्याशा रकमेला काय होणार?

वहिनी, रक्कम एवढीशी आहे म्हणून निवांत राहू नका. ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 14 मध्ये पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असला तर सदस्यत्व जाऊ शकतं. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, आणि मिस्टरांचा धंदा वेगळा की घर एकत्र, ट्रॅक्टर कुणाच्या नावावर, त्या ठरावाच्या मीटिंगला तुम्ही होतात का, मत दिलंत का, हे सगळं बघितलं जातं. बिल अजून निघालं नसेल तर लेखी पत्र देऊन मागे घ्या, खेपा श्रमदानात धरा म्हणावं, आणि त्या पत्राची पोच जपून ठेवा. निघालं असेल तर धनादेश वटवू नका आणि आजच वकिलाकडे जा, जाताना ठरावाची नक्कल आणि एमबीचं ते पान बरोबर न्या.